दहा इंची चाकं

स्कूटर माझी, पण तिच्याबद्दल बोलायचा हक्क आख्ख्या खरवईला. जो येईल तो आधी चाकांकडे बघायचा, मग माझ्या पायाकडे, आणि म्हणायचा, "वहिनी, चाकं फारच बारकी हो हिची." जशी काही मीच निवडून आणली होती ती चाकं!

गाडी आण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची. जुनी, आठ इंची चाकांची. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओत गेला. त्याला कॅलिपर आणि काखेत कुबडी. टेलिफोन बोर्डावर नोकरी लागली तेव्हा आण्णांनी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराचं एकेक चाक बसवून घेतलं. मग मला कॅलिपर घालून गाडीजवळ उभं केलं, बस म्हणाले, ऊठ म्हणाले, परत बस म्हणाले. सीटचा फोम पार खालच्या पत्र्याला लागेपर्यंत कापायला लावला. "पोरी, तुझी तू बसलीस पाहिजे आणि तुझी तू उतरलीस पाहिजे, बाकी जगाची गाडी कशी का असेना," म्हणाले. त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत ते.

बसायची माझी रीत ठरलेली. गाडीकडे पाठ करून उजव्या पायावर उभं राहायचं, कंबर सीटला टेकवून मागे सरकायचं, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचा, कुबडी हुकाला. लोक बघायचे तोवर मी निघालेली असायची.

पण खरवईला बिल्डिंगी उठायला लागल्या आणि रस्त्याची वाट लागली. विटांच्या, खडीच्या लॉऱ्या. पावसाळ्यात त्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर वाळून दगड झाल्या. दोन चाकोऱ्यांमध्ये उंच वरंबा. त्या वरंब्यावरून गेलं की गाडीचं पोट खरवडायचं, बाजूला गेलं की आधाराचं चाक चाकोरीत लटकायचं. रोज उशीर. आणि उशीर मला परवडणारा नव्हता.

अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांची कंपनी होती आमची. तिच्या टेलिफोन बोर्डावर मी टेंपररी. पर्सनल खात्याच्या मीनल मॅडमनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. "शालन, काम तुझं फर्स्टक्लास आहे. तुझं नाव कायम करायला पाठवलंय. पण गुरुदत्त साहेबांचं एकच म्हणणं, बाईनं वेळेवर आलं पाहिजे आणि स्वतःची स्वतः ये-जा केली पाहिजे. उद्या काही झालं तर कंपनीच्या गळ्यात नको." मी म्हटलं, "मॅडम, आजवर कोणी उचलून आणलंय का मला?" त्या म्हणाल्या, "नाही गं. म्हणूनच तर नाव पाठवलं."

त्याच आठवड्यात मी पडले. आधाराचं चाक चाकोरीत गेलं, पुढचं वरंब्यावर चढलं आणि गाडी आडवी. विटा उतरवणाऱ्या बाप्यांपैकी एकानं मला काखेत धरून उभं केलं, दुसऱ्यानं गाडी. तिसरा माझ्या ड्रेसची धूळ झटकायला लागला. म्हटलं, "ओ भाई, हात मत लगाओ." तो बिचारा ओशाळला. कोपर सोलवटलं होतं, मी तशीच घरी परत आले.

घरात सुदाम. नवरा माझा. तोंडावर अहो, मनात सुदाम. त्यांच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्याला दसऱ्यापासून टाळं. माणूस हुन्नरी, हाताला काम नसलं की दाराच्या बिजागऱ्या काढून परत बसवणारा. माझं कोपर बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. नवऱ्याच्या डोळ्यांत बायकोचं कोपर बघून पाणी यावं की चमक?

"मी सांगतो तुला," म्हणाले, "चाकं बदलून टाकू. दहा इंची घालू. मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, वरनं जातं."

"रस्ता करायला सांगा ना त्या बिल्डरला."

"तो ऐकतोय होय! चाक आपल्या हातात आहे."

सासूबाई, गयाबाई नाव त्यांचं, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. "करू दे गो त्याला," म्हणाल्या. "घरात बसून माझं डोकं खातो, त्यापरीस गाडीचं खाऊ दे."

दुसऱ्या दिवशी हेंद्रेपाड्यातनं सदू आला. रिक्षा दुरुस्त करायचा, सुदामच्या शाळेतला दोस्त. दोघं गाडीखाली आडवे. सदू म्हणाला, "पुढचं चाक धरतो तो फोर्क आख्खा बदलावा लागल, मागचा ब्रेकचा ड्रम बदलावा लागल. बाकी काय नाय, एका रविवारचं काम." त्याच्या एका रविवारनं माझा महिना खाल्ला, पण ते पुढे.

सामान घ्यायला उल्हासनगरला गेलो. मी म्हटलं, मी येणार. गाडी माझी, पगार माझा. कॅम्प पाचमध्ये परसराम म्हणून सिंधी, त्याच्या दुकानात जुन्या गाड्यांची हाडंच हाडं. फोर्क टांगलेले, चाकांच्या उतरंडी. मला एक स्टूल दिलं आणि पंख्याखाली बसवलं. झालं, मी तिथं बसले.

"साईं, दस इंच का सेट चाहिए, फोर्क के साथ," सदू म्हणाला.

"मिलेगा. गाड़ी किसकी है?" परसरामनं विचारलं.

"मेरी," सुदाम म्हणाला.

मी बघतच राहिले. त्यांना कळलंही नाही आपण काय बोललो ते. परसरामनं माझ्यासाठी चहा मागवला, "भाभीजी, आप आराम से बैठो" म्हणाला, आणि तिघंही चाकांत शिरले. फोर्कची लांबी बघितली, टायरची नक्षी बघितली, ड्रमचे बोल्ट बघितले. मी दोनदा म्हटलं, "अहो, उंची किती वाढेल?" सुदाम म्हणाले, "किंचित," आणि परत वाकले. निघताना आठ इंची चाकं बदल्यात परसरामला द्यायचं ठरलं. मी म्हटलं, "जुनी राहू देत की घरी." सदू हसला. "वहिनी, काय करायचीत? तुळस लावणार काय त्यांच्यात?" सगळे हसले. मीही हसले, काय करणार!

मग अंगणात कारखाना उघडला. सकाळी उठल्यापासनं ठाक ठाक. फोर्क बसला तर हँडल फिरेना. हँडल फिरलं तर चाक मडगार्डला घासायला लागलं. मडगार्ड ठोकून बाहेर काढलं. मागचं चाक आतल्या पत्र्याला घासलं, तो पत्राही ठोकला. आण्णांनी फडक्यानं पुसलेला निळा पत्रा तो, त्याचे रंगाचे पोपडे अंगणभर. मी काही बोलले की सुदाम तोंडात पाना धरून "हं, हं" करायचे. हात काळे, कपाळ काळं, पण माणूस खुशीत. कारखान्याला टाळं लागल्यापासनं मी त्यांना इतकं भुकेजून जेवताना बघितलं नव्हतं. त्यामुळे तोंडावर आलेलं मी गिळायची.

आणि मी? मी जात होते शेजारच्यांच्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून नाक्यापर्यंत, तिथनं शेअर रिक्षा. रिक्षावाला मला बघून पुढे पळायचा, कुबडीला जागा लागते ना! कंपनीत पोचायला उशीर. मीनल मॅडम घड्याळाकडे बघून काही बोलायच्या नाहीत, ते जास्त लागायचं.

एका संध्याकाळी आले तर दोघं गाडीकडे बघत उभे. नवी चाकं बसली होती, गाडी ऐटीत दिसत होती, आणि आधाराची दोन्ही चाकं जमिनीपासून वर, हवेत. मागचं चाक मोठं झालं म्हणजे गाडी वर उचलली जाणार, मग आधाराची चाकं खाली कशी टेकतील? एवढं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. सुदामनी गाडी सोडली की ती डावीकडे कलंडायची, ढकलली की उजवीकडे.

"असं कसं झालं रे?" सदू म्हणाला.

"असं कसं म्हणजे? चार चाकांची गाडी आहे, तुम्ही दोनच मोजलीत," मी म्हटलं.

"पाळणा झाला की गो," सासूबाई म्हणाल्या आणि हसता हसता खाली बसल्या. मला मात्र रडायला आलं. मी आत जाऊन कॅलिपरचे पट्टे सोडले आणि पाय चोळत बसले. बाहेर परत सुरू, आता आधाराची चाकंही मोठी घालायची, पुन्हा उल्हासनगर, पुन्हा परसराम, पुन्हा पुढचा रविवार. आधाराच्या चौकटीच्या स्प्रिंगा बसत नव्हत्या, तर सदूनं त्यांच्याखाली लोखंडाचे तुकडे दिले. म्हणजे गाडी आणखी वर.

अखेर गाडी झाली. सासूबाईंनी घरात बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. शेजारच्या जनाबाई आल्या, पलीकडच्या चाळीतली माणसं आली. सदूनं नवा शर्ट घातला होता. सुदामनी गाडी फडक्यानं पुसून मधोमध उभी केली. चारही चाकं जमिनीवर, डुगडुग नाही, घासणं नाही. माझा नवरा लग्नातसुद्धा इतका ताठ उभा नव्हता.

"बस," म्हणाले.

मी गाडीकडे पाठ केली. उजव्या पायावर उभी राहिले. कंबर मागे नेली, सीटची कड लागली ती कंबरेच्या खाली, मांडीला. परत प्रयत्न केला. कुबडीवर जोर देऊन उडी मारावी म्हटलं, तर एका पायावर उडी मारायची कशी, आणि ती मागे? तिसऱ्यांदा कुबडी सटकली. जनाबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"थांब थांब," सुदाम पुढे आले, मला काखेत धरलं आणि उचलून सीटवर ठेवलं. सरळ उचललं, पोतं ठेवावं तसं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या! माझ्या कानात अजून आहेत त्या.

रस्त्याला गाडी चांगली चालली, खोटं कशाला बोलू. चाकोऱ्या, वरंबे, खडी, सगळ्यावरनं गेली, पोट कुठे लागलं नाही. वेळेच्या आधी कंपनीच्या गेटवर पोचले आणि तिथं बसून राहिले. उजवा पाय खाली सोडला तर बूट हवेत. जमीन कुठेतरी खाली आहे एवढंच कळत होतं. घसरून उतरावं तर पाय पडेल कुठे, काय भरवसा? शेवटी वॉचमन शिवराममामांना हाक मारली. भला माणूस. त्यांनी दोन्ही हातांनी धरून मला खाली घेतलं, आणि त्याच वेळी मीनल मॅडमची रिक्षा आली. त्यांनी बघितलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "शालन, हे काय नवीन? साहेबांनी बघितलं तर? सोमवारी ते स्वतः सगळ्या टेंपररी लोकांना बघणार आहेत."

दिवसभर बोर्डावर बसून मी 'नमस्कार, कोणाला जोडू' म्हणत होते आणि आतनं नुसती उकळत होते. दुपारी पाणीसुद्धा प्यायले नाही.

संध्याकाळी मामांनीच उचलून बसवलं, तशी घरी आले. सुदाम ओट्यावर वाट बघत होते. मला उतरवून घ्यायला हात पसरूनच आले.

"कशी चालली?"

"गाडी चालली. मी नाही चालले."

"म्हणजे?"

"म्हणजे मला उतरता येत नाही. चढता येत नाही. सीट खाली करा."

"सीटचा पत्रा लागलाय अगं, आणखी काय कापू? दीड-दोन इंचच तर वाढलीय."

"तुम्हाला दीड-दोन इंच. मला आख्खा पाय."

ते विचारात पडले आणि मग चेहरा परत उजळला. "एक काम करू. मी सायकलवरनं तुझ्या आधी गेटवर येतो रोज. सकाळी उतरवतो, संध्याकाळी बसवतो. मला तरी दुसरं काय काम आहे?"

बस्स. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं. "तेच तर!" मी म्हटलं. "तुमचा कारखाना बंद पडला म्हणून तुम्ही माझी गाडी खोललीत! एका शब्दानं विचारलंत का मला, शालन तू बसून बघ? परसराम विचारतो गाडी कोणाची, तर म्हणे मेरी! आण्णांनी आधी मला बसवलं आणि मग सीट कापलं. तुम्ही आधी गाडी केलीत आणि मग मला उचलून ठेवलंत. माझी चाकं मला परत आणून द्या."

सुदामचे हात तसेच पसरलेले राहिले. सासूबाई भाकरी टाकायच्या थांबल्या. जास्त बोलले, मला कळत होतं, पण मी मागे घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. ते न सांगता उल्हासनगरला गेले आणि दुपारी उन्हातनं रिकाम्या हातानं आले. परसरामनं चाकं विकून टाकली होती. तसली दुसरी शोधून ठेवतो म्हणाला, कधी ते सांगता येत नाही. सुदामनी शर्ट काढला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या पाठीवरच्या घामोळ्यांकडे बघून जीवही तुटत होता. दोन्ही एकदमच होतं.

सोमवारी मी लवकर उठले. कुबडी घेतली आणि रस्त्याच्या कडेला गेले. बिल्डरचा विटांचा ढीग होता तिथं, ज्याच्या लॉऱ्यांनी हे सगळं केलं त्याचाच. चांगली भाजलेली सबंध वीट निवडली आणि ओढणीत बांधून आणली. गाडीजवळ ठेवली, वर उजवा पाय ठेवला, आणि वीट उलटून मी धाडकन पडले. मागे सोलवटलेल्याच कोपरावर.

सासूबाई दारात उभ्या होत्या. धावत आल्या नाहीत, ते बरं केलं. "उभी नको ठेवू गो," म्हणाल्या. "आडवी ठेव, पसरट अंगावर. मी जन्मभर विटा वाहिल्यात." आणि आतनं जुनं पोतेरं आणि परकराचा नाडा आणून दिला.

पोतेरं गुंडाळलं, म्हणजे घसरायला नको. नाडा आवळून बांधला, लांब टोक मोकळं ठेवलं. वीट आडवी ठेवली, वर चढले, पाठ केली, आणि कंबर सीटवर. डावा पाय आत घेतला. कुबडी हुकाला. मग नाड्याचं टोक ओढलं आणि वीट वर ओढून पायाशी ठेवली. उतरताना ती आधी खाली सोडायची, मग आपण. दोनदा केलं, तीनदा केलं. भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस उठून दारात आला होता, पण मी त्याच्याकडे बघितलं नाही. किक मारायला मात्र त्यांनाच पुढे यावं लागलं, महिनाभर गाडी खोलून ठेवल्यापासनं ती फार कडक झाली होती. मारून परत मागे सरकले.

गेटवर गुरुदत्त साहेब उभेच होते, बाजूला मीनल मॅडम. शिवराममामा मला बघून सवयीनं पुढे आले. मी म्हटलं, "मामा, थांबा तिथंच." नाडा धरून वीट खाली सोडली. धप्पकन आवाज झाला, साहेब दचकले. बूट विटेवर टेकला, मग कुबडी, मग मी. वीट नाड्यानं उचलून परत गाडीत ठेवली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"पायरी आहे साहेब."

"रोज बरोबर आणणार?"

"गाडीबरोबरच राहील."

साहेबांनी विटेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि मीनल मॅडमना म्हणाले, "हिला कशाला बोलवता आत? हिचं झालं." मला वाटलं, गेली नोकरी. मीनल मॅडमनी मागनं माझा दंड दाबला तेव्हा कुठे कळलं की झालं म्हणजे कायम झालं.

संध्याकाळी विटेवरनं बसले, किक तेवढी मामांनी मारली. घरी निघेपर्यंत मला आनंद झाला नाही. झाला तो खरवईच्या चाकोऱ्यांवरनं गाडी सपासप जाताना, आणि मग राग आला, की चाकं खरंच चांगली आहेत.

अंगणात वीट सोडली, उतरले. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सुदाम खांबाला टेकून उभे होते. हसले, बरं झालं म्हणाले, आणि नजर कुठे, तर विटेवर.

"ही घसरून ब्रेकखाली गेली तर?" म्हणाले.

खरं होतं ते. येताना एकदा सरकलीच होती.

"पत्र्याची पायरी वेल्ड करता येईल गाडीलाच. घडीची. पायानं खाली पाडायची..." हात हवेत पत्रा वाकवायला लागले होते. मी नुसतं बघितलं. हात थांबले आणि खाली आले.

मग जवळ आले, पण मला धरलं नाही. गाडीच्या बाजूला उकिडवे बसले.

"तू बसून दाखव," म्हणाले. "वीट काढून घेतो, पाय सोड खाली. कुठवर येतो बघू दे."

"आज विचारताय?"

"आज विचारतोय."

मी विटेवर चढले, बसले. त्यांनी वीट बाजूला केली. मी पाय सोडला, बूट हवेत राहिला. त्यांनी बूट काढला, आणि तळपाय आणि जमीन यांच्यामध्ये आपला काळपट हात आडवा घातला. एक बोट, दुसरं बोट. तिसरं शिरेना.

"दोन बोटं," म्हणाले.

"दोन बोटं," मी म्हटलं. "तेवढ्यासाठी आख्खी गाडी ठोकलीत, जुनी चाकं घालवलीत, लोकांकडनं टाळ्या वाजवून घेतल्यात." बोलता बोलता माझा आवाज फाटला.

त्यांनी हात काढला नाही. दोन बोटं तशीच जमिनीवर टेकवून ठेवली, आणि मी जरा जोरातच पाय दिला त्यांच्यावर.